पलीकडच्या काठावरून

ओब्दुलिया त्रेसष्टाव्या वर्षी शीळ शिकायला बसली
तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसलो तो मी.

आमचं ला गोमेरा म्हणजे दऱ्या, आणि दऱ्यांमधून उरलेलं थोडंसं बेट.
समोरच्या काठावरच्या माणसाचं बटण तुटलेलं दिसतं,
पण त्याला मीठ मागायचं तर उतरून चढण्यात अर्धा दिवस.
म्हणून जुन्या माणसांनी बोलणंच शिळेत घातलं:
शेळी व्याली. पीठ संपलं. म्हातारा गेला, या.

ती चौदाव्या वर्षी काराकासला गेलेली.
जन्मभर लोकांच्या सदऱ्यांना इस्त्री केली
आणि परतली तेव्हा दरी तिच्याशी बोलेना.
मग काय, शाळेत जाऊन पोरांच्या बाकावर बसली.
गुडघे आत मावेनात, म्हणून आडवी.
शेजारी याइसा, वय सात, पुढचे दोन दात पडलेले.
ती सांगे, बोट असं नाही गं, असं.
आणि ही बोट तसं करी.

संध्याकाळी ओट्यावर सराव.
ऐकायला समोर मी, आणि माझा कुत्रा.
पहिला महिना नुसती हवा.
दुसऱ्यात किटली उकळल्यासारखं काहीतरी आलं;
कुत्रा उठून घरात गेला.
तिसऱ्यात तिनं कुणाला तरी 'ये' म्हटलं
आणि माझ्या चौदा शेळ्या दरी उतरून तिच्या दारात.

तावातावानं गेलो आणायला.
ती वहीत लिहीत होती,
तारीख, आणि पुढे चूक:
'मीठ' म्हणाले, 'मूठ' ऐकू गेलं.
'उद्या या' म्हणाले, 'या' तेवढं पोचलं.
अशी पानंच्या पानं, कडक इस्त्रीची.
"म्हणजे काहीतरी पोचलं," ती शेळ्यांकडे बघून म्हणाली.
"तुला नक्की काय ऐकू आलं, फिदेन्सियो? नीट आठवून सांग."
तिला लाजवायला गेलो होतो.
तासभर आठवत बसलो.

आता माझं सांगतो.
एके काळी माझी शीळ तीन गावं ओळखायची.
माझं 'हो' आणि माझं 'हं' यातला फरकसुद्धा.
मग दात गेले, कवळी आली,
आणि मी शीळ सोडली.
विचारलं कुणी तर सांगायचो,
पलीकडे उत्तर द्यायला उरलंय कोण.

खोटं.
एकदा गोठ्याचं दार लावून वाजवून पाहिली होती.
वारा आला नुसता.
शेळ्यांनी मानसुद्धा वर केली नाही.
त्यानंतर कुलूप. आणि ओट्यावर बसून
दुसऱ्याच्या हवेला हसणं.

ऑक्टोबरातली संध्याकाळ. धुकं खालीच अडकलेलं.
समोरून आली, स्वच्छ, शेवटाला जराशी फाटलेली:
फिदेन्सियो, आहेस का?

माझं नाव बारा वर्षांत असं हवेतून आलं नव्हतं.
कवळी काढून खिशात टाकली.
बोटाचं पेर दुमडलं.
वारा.
पुन्हा. थुंकी, वारा.
पलीकडे ती उभी, कानामागे हात.
तिला घाई नव्हती. तिला कसलीच घाई नसते.
कितव्या खेपेला ते मोजलं नाही,
किटली उकळल्यासारखं काहीतरी निघालं.
कुत्रा उठून घरात गेला.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यापाशी याइसानं गाठलं.
बातमी पोचली होतीच; या बेटावर काय लपतं?
"दात नाहीत म्हणून घाबरलात, आजोबा?"
तिनं ओठ फाकवून मला भगदाड दाखवलं, मोठ्या अभिमानानं,
मग जीभ कुठे टेकवायची ते दाखवलं.
मला दिसेना.
मी गुडघ्यावर बसलो, चष्मा पुसला,
आणि म्हणालो, थांब, हळू, परत दाखव.